गुरुजी, खिळा आणि पार नदीची खाडी

वेणीमाधव गुरुजींच्या घरात, देवघराशेजारच्या भिंतीवर, एक खिळा आहे. १९७९ साली त्यांच्या वडिलांनी तो स्वतःच्या हाताने ठोकला, मुलाचं दहावीचं प्रमाणपत्र टांगायला. निकाल लागायच्या आधी ठोकला, एवढीच त्यांची चूक. गुरुजी विज्ञानात नापास झाले. ऑक्टोबरात पुन्हा बसले, पुन्हा विज्ञानातच गेले. तिसऱ्या खेपेला पेपर इतका झकास गेला की वडिलांनी खिळा हलतोय का ते पाहून घेतलं आणि वर हातोडीचे आणखी दोन घाव घातले. गुरुजी नऊ गुणांनी गेले. खिळा मात्र तेव्हापासून असा घट्ट बसलाय की काढायचा म्हटलं तर भिंत येईल. आता त्याच्यावर पंचांगाचं कॅलेंडर असतं.

बाकी गुरुजींना कशाची कमी नव्हती. रामकुंडावरचं पिढीजात उपाध्येपण, घरी यजमानांच्या वह्यांचं कपाट, आणि गोदावरीच्या पुराला ऐकू जाईल असा आवाज. कुणीही समोर आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "आडनाव? मूळ गाव?" गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालाही त्यांनी हे विचारलंय, आणि त्याच्या पणजोबांची सही वहीत काढून दाखवलीय. टाकी तेवढा वेळ त्याच्या खांद्यावरच होती.

दुसरं म्हणजे, गुरुजी साधं बोलत नाहीत, संकल्प सोडतात. चहा हवा असला तरी, "आज, या रविवारी, या स्वयंपाकघरी, आलं घालून, साखर कमी करून, अर्धा कप चहा प्राप्त होईल का?" त्यांची बायको लतिकाकाकू आतून म्हणते, "होईल, पण दूध आणण्याचा विधी राहिलाय."

तर अशा या गुरुजींना एका रविवारी वाचनालयाच्या फाटकावर पाटी दिसली. 'नदी जिथे संपते. सहा रविवार. सर्वांना मुक्त प्रवेश.' गुरुजींना वाटलं, प्रवचन. उपरणं सारखं करून ते आत शिरले आणि पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर मांडी घालून बसले.

वर्ग घेणाऱ्या बाईंचं नाव ज्योत्स्ना मॅडम. खाडी, खारफुटी आणि किनारा यांची ओळख लोकांना करून देणाऱ्या एका संस्थेच्या त्या. कॉलरला माइक, हातात रिमोट आणि बोलण्यात दर चौथ्या शब्दाला 'ओके'. "तर आपण सगळे डोळे मिटूया, ओके? आणि इमॅजिन करूया, की मी एक गाळाचा कण आहे, ओके? मी वाहतोय... वाहतोय..."

गुरुजींनी डोळे मिटले. मी म्हणजे गाळाचा कण, हे त्यांना चोख वेदान्तातलं वाटलं. पण पंधरा मिनिटं झाली तरी देव काही येईना. आली ती निवटी. पडद्यावर चिखलातून एक मासा चक्क चालत आला, दोन बटबटीत डोळे डोक्यावर घेऊन, आणि थेट गुरुजींकडे बघत राहिला.

गुरुजींच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "मूळ गाव?"

सगळा हॉल हसला. मॅडम मात्र आनंदाने उडाल्याच. "वॉव! एक्झॅक्टली! हाच प्रश्न आपण प्रत्येक जिवाला विचारायचाय, ओके? तू कुठला? कुणाबरोबर राहतोस?"

विज्ञानाच्या वर्गात 'शाब्बास' ऐकायची गुरुजींची ही आयुष्यातली पहिली वेळ. दुसऱ्या रविवारी ते नवी वही घेऊन गेले. लाल कापडी पुठ्ठ्याची, यजमानांची असते तशीच. तिच्यात त्यांनी लिहिलं: 'खेकडा. एक नांगी मोठी, एक लहान. मुक्काम चिखल, भरतीच्या रेषेखाली. कुटुंब विस्तृत. स्वभाव भिडस्त, हाक मारताच घरात जातो.' भरती-ओहोटीच्या तक्त्यापाशी अख्खा वर्ग अडला, तेव्हा गुरुजींनी बोटांच्या पेरांवर तिथी मोजून वेळ सांगितली. मॅडमनी तक्ता पाहिला. वीसच मिनिटांचा फरक होता.

नाशिकला समुद्र नाही मग खाडी कशाला शिकायची, असं कुणीतरी विचारलंच. मॅडम म्हणाल्या, आपला जिल्हा दोन समुद्रांना पाणी वाटतो. सुरगाण्याच्या डोंगरातली पार नदी पश्चिमेला गुजरातेत उतरते आणि लगेच समुद्राला मिळते. आपली गोदावरी पूर्वेला जाते, थेट बंगालच्या उपसागरापर्यंत. आपण इथे जे सोडू ते कुणाच्या तरी दारात जातं, ओके? हे गुरुजींनी वहीत लिहून घेतलं आणि खाली दोनदा रेघ मारली. चाळीस वर्षं ते लोकांना 'सोडा' म्हणत आले होते. सोडलेलं जातं कुठे, हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं आणि त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं.

सहाव्या रविवारी मॅडमनी जाहीर केलं, की ज्याला 'खाडीमित्र' व्हायचंय त्याची परीक्षा होईल. आपले वीस नागरिक जमवून पारच्या खाडीवर न्यायचे, पाच जीव दाखवायचे, आणि परत येताना आपलं काही खाडीत ठेवायचं नाही, खाडीतलं काही आणायचं नाही. शेवटी फॉर्म भरायचा. पास झाल्यास प्रमाणपत्र.

"प्रमाणपत्र म्हणजे," गुरुजींनी विचारलं, "कागदी? फ्रेम करण्यायोग्य?"

"हो हो. ए-फोर, शिक्क्यासकट."

गुरुजी घरी आले आणि लतिकाकाकूला म्हणाले, "अगं, परीक्षा आहे."

"अहो, या वयात? कशाची?"

"विज्ञानाची."

लतिकाकाकूने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे पाहिलं, आणि कॅलेंडर उचलून दरवाजामागच्या कडीला नेऊन लावलं.

वीस माणसं जमवणं गुरुजींना मुळीच अवघड नव्हतं. वही उघडली आणि फोन लावले. "नमस्कार, वेणीमाधव बोलतोय रामकुंडावरून. येत्या रविवारी, पंचमीला, नदी समुद्राला मिळते त्या ठिकाणी आपल्याला न्यायचंय. सहकुटुंब यावे." त्यांनी खोटं काहीच सांगितलं नाही. पण रामकुंडावरचा उपाध्या फोन करून संगमावर चला म्हणतो, तेव्हा नाशिकचा माणूस काय समजतो? गुरुजींना हे सुचायला हवं होतं. ते बिचारे निवटीचं टाचण काढण्यात गुंतले होते.

रविवारी पहाटे नाशिकच्या द्वारका चौकात बस लागली. ड्रायव्हर हिरामण, मूळचा सुरगाण्याकडचा. पंधरा-सोळा हंगाम त्याने वलसाडकडे मजुरीत काढलेले, त्यामुळे त्या बाजूचा समुद्र त्याला अंगणासारखा माहीत. पिशव्या डिकीत ठेवता ठेवता तो म्हणाला, "गुरुजी, ह्या पिशव्या लय वाजत्यात. नारळ हायती का काय आत?"

"डबे असतील, डबे," गुरुजी म्हणाले. "लोक जेवण बांधून आणतात."

"बरं. आन् तुमी पायात हे काय बांधलंय?"

मॅडमच्या सूचनापत्रात 'मागे पट्टा असलेली पादत्राणे आवश्यक' असं छापलेलं होतं. गुरुजींकडे साध्या रबरी चपला. मग त्यांनी पूजेतला लाल-पिवळा नाडा घेऊन त्या घोट्याला बांधल्या होत्या, वर गाठीला गाठ मारून.

"चपला काढा आन् अनवाणी चला," हिरामण म्हणाला. "तिथला गाळ चपला खातो."

"नियमात आहे, हिरामण. परीक्षा आहे माझी."

"मंग बांधा," हिरामण म्हणाला. "गाळाला वाचता येत नाय, एवढं ध्यानात ठेवा."

पेठचा घाट उतरून, गुजरातेत शिरून, साडेदहाला मंडळी खाडीवर पोचली. ज्योत्स्ना मॅडम आधीच येऊन उभ्या होत्या, पायात गमबूट, हातात पॅड आणि पेन. "गुरुजी, मी इथे नाहीच असं समजा, ओके? मी फक्त ऑब्झर्व्ह करणार. अकराला ओहोटी पूर्ण होते, साडेअकराला सगळे बाहेर."

पाणी दूर गेलेलं, आणि मध्ये भिजवून ठेवलेल्या मेंदीसारखा गुळगुळीत चिखल. त्यात गुरुजी शिरले आणि खरं सांगायचं तर गुरुजींनी मैदान मारलं. "हे पाहा, खेकडा. मूळ गाव हेच. मोठी नांगी नवरदेवाची, नवरीला बोलावण्यासाठी हलवतो. आणि हा गोगलगाईंचा समस्त परिवार. या निवटीबाई. पाण्यातही संसार, जमिनीवरही संसार. तो पलीकडे बगळा, सदर परिवाराच्या भेटीस आलेला आहे, जेवूनच जाईल." लोकांनी प्रत्येकाला हात जोडले. तिवराच्या झाडापाशी गुरुजी म्हणाले, "ह्याची मुळं जमिनीतून वर येतात, कारण चिखलात हवा नाही. नाक वर काढून श्वास घेतो बिचारा."

"आमच्या द्वारकेला राहत असंल आधी," मंगलाबाई म्हणाल्या. द्वारकेजवळ त्यांची पिठाची गिरणी. "चौकातल्या धुरात आमी बी असाच श्वास घेतो."

मॅडमच्या पॅडवर पाच बरोबरच्या खुणा पडल्या. गुरुजींना त्या लांबूनही दिसल्या. एवढ्या बरोबरच्या खुणा त्यांनी स्वतःच्या नावापुढे कधी पाहिल्या नव्हत्या. त्या आनंदात ते सगळ्यांना पाण्याच्या कडेला घेऊन गेले आणि म्हणाले, "आणि हा तो संगम."

झालं. वीस पिशव्या एकदम उघडल्या.

नारळ निघाले. हळदकुंकू निघालं, फुलं निघाली, द्रोण निघाले, वाती निघाल्या. अंबडच्या कारखान्यात फिटर असलेल्या मनोजने एक भलं मोठं पोतं पुढे ओढलं.

"हे काय?" गुरुजींचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

"निर्माल्य, गुरुजी. आख्ख्या सोसायटीचं. संगमावर चाललाय तर घेऊन जा म्हणले सगळे. गणपतीपासूनचं साठवलंय."

ज्योत्स्ना मॅडम काही बोलल्या नाहीत. त्या इथे नव्हत्याच ना. पण त्यांचं पेन पॅडच्या वर हवेत थांबलं होतं, आणि गुरुजींना त्या पेनाच्या टोकावर भिंतीवरचा खिळा दिसत होता.

"थांबा!" गुरुजी गरजले. बगळा उडाला. "नारळ हातात घ्या. पूर्वेकडे तोंड करा. म्हणा, मी..."

"मी," सगळे म्हणाले.

"आज पंचमीला, पार नदीच्या मुखाशी..."

"आज पंचमीला, पार नदीच्या मुखाशी..."

"खेकडा, निवटी, बगळा यांच्या साक्षीने..."

"खेकडा, निवटी, बगळा यांच्या साक्षीने..."

"या पाण्यात काहीही टाकणार नाही..."

"या पाण्यात काहीही टाकणार नाही..."

"आणि हा नारळ बांधावर बसून स्वतः खाईन, व करवंटी घरी नेईन."

"...व करवंटी घरी नेईन."

नाशिकच्या माणसाला गुरुजींनी 'म्हणा' म्हटलं की तो म्हणतो. अर्थ मागाहून बघतो. मनोज पहिला भानावर आला. "अहो गुरुजी! हे काय म्हणून घेतलंत?"

"संकल्प झाला," गुरुजी म्हणाले. "आता मोडता येत नाही."

"आणि निर्माल्य?"

"संकल्पात 'काहीही' आहे. पोतं आलं तसं जाईल, आणि तुझ्या सोसायटीच्या बागेत खड्डा करून पुरलं जाईल."

कुरकुर झाली, पण पिशव्या बंद झाल्या. एक सोडून. मंगलाबाई पदराखाली काहीतरी धरून उभ्या होत्या.

"मंगलाबाई, काय आहे ते?"

मंगलाबाईंनी पदर बाजूला केला. कुंकवाची स्टीलची डबी. "सासूबाई," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"हिच्यात."

गुरुजी चिखलात चांगले चार बोटं खाली गेले. "पुतळाबाईंच्या अस्थी मी रामकुंडात माझ्या हातांनी विसर्जित केल्यात, मागच्या वर्षी!"

"चिमूटभर राखून ठेवल्या व्हत्या. वीस वर्सं टोमणे ऐकलेत गुरुजी मी. 'सुनेनं समुद्र दाखवला नाय, सुनेनं समुद्र दाखवला नाय.' आज दाखवते आन् मोकळी व्हते. तुमी फक्त दोन मंत्र म्हणा. कुणाला कळायचंबी नाय."

आता खरी गोष्ट सांगायची तर गुरुजींना ते सहज जमलं असतं. चाळीस वर्षांचा हात. नमस्काराला वाकले असते आणि उठेपर्यंत डबी रिकामी झाली असती. मॅडम मनोजच्या पोत्याकडे बघत होत्या. आणि अस्थींना 'नाही' गुरुजींनी जन्मात म्हटलं नव्हतं.

"मंगलाबाई," गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "पुतळाबाई शेवटी कुठे होत्या?"

"नांदेडला. लेकीकडं. दारातली सून सोडून एवढ्या लांब लेकीकडं गेल्या."

"बरोबर. आणि आपली गोदावरी? हा समुद्र एवढा जवळ, तरी ह्याच्याकडे पाठ करून ती निघते पूर्वेला. आणि वाटेत काय लागतं तिला?"

मंगलाबाई बघतच राहिल्या. "नांदेड?"

"नांदेड. लेकीच्या गावावरून, घाटाला घासून. त्या तिकडे निघाल्यात केव्हाच. तिकडूनही समुद्रच आहे, त्यांना दिसेलच. आता ही चिमूट इकडे सोडलीत, तर अर्ध्या त्या समुद्रात नि अर्ध्या ह्या समुद्रात. दोन्हीकडून बोलतील."

मंगलाबाईंनी डबी घट्ट मिटली. "नको बाई. एका बाजूनंच पुरं व्हतं." मग डबीकडे बघून म्हणाल्या, "म्हंजे मेल्यावरबी लेकीकडंच! जा. सुखानं जा."

"उद्या सकाळी या रामकुंडावर. अस्थिविलय तीर्थात सोडू, बाकीच्यांच्या मागोमाग."

पण डबीचं झाकण सैल. चिखलातून जाताना मंगलाबाई घसरल्या तर सासूबाई तिथेच राहणार. गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं, खाली वाकले, डाव्या पायाचा नाडा सोडला आणि डबीला आडवा-उभा बांधून वर गाठीला गाठ मारली.

तेवढ्यात बांधावरून हिरामणची आरोळी आली. "गुरुजी! बारा वाजाया आलं! पाणी वळलंय! मागं बघू नका, पळा!"

सगळ्यांनी मागे बघितलं. मघाशी मागे सरणारं पाणी टाचांपाशी येऊन शांतपणे वाट बघत होतं. मग जी पळापळ झाली! नारळ काखेत, साड्या गुडघ्याच्या वर, मनोज पोतं ओढतोय, पोतं मनोजला ओढतंय, आणि सगळ्यांच्या मागून गुरुजी, "सावकाश! खेकड्यांच्या बिळांवर पाय देऊ नका! सावकाश!" असं ओरडत सर्वांत जोरात पळतायत. मध्यावर कुठेतरी 'पच्च' असा आवाज झाला. गुरुजींनी तो ऐकला. ते थांबले नाहीत.

बांधावर बसून सगळ्यांनी संकल्पाप्रमाणे नारळ फोडून खाल्ले. करवंट्या पिशव्यांत गेल्या, हळदकुंकवाच्या पुड्या गेल्या, पोतं डिकीत गेलं. मॅडमनी चिखलाकडे दुर्बीण लावून पाहिलं. एक पाकळीसुद्धा नव्हती. "गुरुजी, आउटस्टँडिंग! आता फक्त हा फॉर्म, ओके?"

गुरुजींनी फॉर्म मांडीवर घेतला. नाव. पत्ता. पाहिलेले जीव. आणि शेवटी रकाना: 'खाडीत आपले काय राहिले?'

गुरुजींचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत सारखेच काळे होते. त्यात एका पायात चप्पल आहे आणि एकात नाही, हे देवालाही धुतल्याशिवाय कळलं नसतं. शेजारच्या मनोजने तर त्यांचं पेन थांबलेलं बघून सांगितलंच, "लिहा की गुरुजी, काही नाही म्हणून." गुरुजींनी खाडीकडे बघितलं. पाणी मध्याच्या पुढे आलं होतं. मग वहीत लिहितात तसं ठळक, गोल अक्षरात त्यांनी लिहिलं: 'एक चप्पल. डावी. रबरी. स्वतःची.'

मॅडमनी वाचलं. मग गुरुजींच्या पायांकडे पाहिलं. "गुरुजी... हे लिहायलाच हवं होतं का?"

"रकाना होता ना," गुरुजी म्हणाले.

मॅडमना एकदम 'ओके' म्हणता येईना. त्यांनी दोनदा पेनाचं टोपण काढलं, दोनदा लावलं. "नियम मीच केलाय," शेवटी त्या म्हणाल्या, आणि खाली काहीतरी लिहून, शिक्का मारून, कागद गुरुजींच्या हातात दिला.

परतीच्या बसमध्ये गुरुजी खिडकीशी बसून राहिले. मागे मात्र बंड पेटलं होतं. मनोज म्हणत होता, एका चपलेवरून नापास करतात का? मंगलाबाई म्हणत होत्या, "माझ्या सासूपायी गेली ती चप्पल. मेल्यावरबी कुणाचं तरी नुकसान केलंच!" शेवटी हिरामणनेच गाडी चालवता चालवता निकाल दिला. "वरडू नका. पुढच्या खेपंला अनवाणी या समदे. चप्पल मी हुडकून ठिवतो. तवर तिच्यात येखादा खेकडा राहाया आला, तर मंग ती त्याची. मंग नाय काढायची."

"खेकडा असेल तर नाही काढायची," गुरुजी खिडकीबाहेर बघतच म्हणाले. "वहीत नोंद करू."

घरी पोचले तेव्हा लतिकाकाकू दारातच उभी होती. तिने आधी चेहरा पाहिला, मग पाय पाहिले, आणि मग हात पुढे केला. गुरुजींनी घडी केलेला कागद दिला. "पंचांगाचं कॅलेंडर आण पुन्हा तिथं," ते म्हणाले आणि पाय धुवायला न्हाणीत गेले.

परत येऊन बघतात तर कागद खिळ्यावर.

"अगं, काढ तो! नापासाचा आहे!"

"कुठे लिहिलंय नापास?" लतिकाकाकूने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. "'पाचही जीव अचूक. मांडणी उत्कृष्ट. पुन्हा यावे.' खाली शिक्का. अहो, तुमच्या तीन निकालांपैकी एकावर तरी पुन्हा यावे लिहिलं होतं का?"

गुरुजी कागदाजवळ गेले. वाचला. मान वाकडी करून पुन्हा वाचला. यजमान निघाले की चाळीस वर्षं ते स्वतः घाटावर उभे राहून हेच दोन शब्द म्हणत आले होते, आणि लोक येतही होते, पोरं येत, नातवंडं येत.

"थोडा तिरका लागलाय," ते म्हणाले, आणि बोटाने सरळ केला.

"आणि ही उजवी चप्पल?" लतिकाकाकूने बाहेरून विचारलं. "कचऱ्यात टाकू?"

"टाकू नको!" गुरुजी ओरडले. "धुऊन ठेव. पुढच्या पंचमीला तिची जोडी आणायला जायचंय."